लातुरात बडी मिळत नाही, म्हणून एकट्यानेच स्कुबा करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चौतीस, राहणार लातूर. दोन वर्षांपूर्वी स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा, ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, त्यातले चार धरून आजवर अकरा डाइव्ह झाले. गावात स्कुबा करणारं दुसरं कुणी नाही. सुट्टी आणि पैसे जुळवून समुद्रावर गेलात की बोटीवर कुणातरी अनोळखी माणसाशी जोडी लावून देतात, तो तुमचा बडी. तो वीस मिनिटांत हवा संपवतो आणि त्याच्याबरोबर तुम्हालाही वर यावं लागतं. म्हणून आता एकट्यानेच डायव्हिंग करायचं म्हणता. त्यासाठी ट्रेनिंग कोणतं, सामान काय, त्यातलं या दिवाळीत आधी काय घ्यायचं, आणि सराव शेतातल्या विहिरीत किंवा धरणात केला तर चालेल का?

विहिरीचं आणि धरणाचं उत्तर आधी देते, कारण या आठवड्यातच तुम्ही टाकी घेऊन तिथे उतरायचात. नाही. दोन्हीकडे नाही. कारणं पुढे सांगतेच.

माझं माहेर अंबाजोगाई तालुक्यातलं. पाठीला वाळका भोपळा बांधून आजोबांनी मला सात परस विहिरीत सोडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. गेली चौदा वर्षं ऑक्टोबर ते मे अंदमानात डायव्हिंग शिकवते आणि पावसाळ्यात गावाकडे असते. एकटीने केलेले डाइव्ह तीनशेच्या आसपास असतील. २०१६ साली लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं, त्या मुलखातली बाई पाण्याखाली काय करते हे अजून निम्म्या नातेवाइकांना कळलेलं नाही. तेव्हा लातुरातून असा प्रश्न आला की मला बरं वाटतं. तरी उत्तर तुम्हाला हवं तसं नाही.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकात एक अडकल्या आहेत. चांगला बडी मिळत नाही, ही पहिली. एकट्याने पाण्याखाली राहण्याची तयारी कशी करायची, ही दुसरी. पहिलीवर सोलो डायव्हिंग हा उपाय नाही. बडी कच्चा आहे म्हणून तुम्ही एकटे उतरलात, तर पाण्यात त्याच्याइतकाच कच्चा एक माणूस उरतो, आणि तो तुम्ही. अकरा डाइव्हवाल्याला हे लागेल, पण मीही अकरा डाइव्हला अशीच होते. पहिल्या अडचणीवर साधे उपाय आहेत. पुणे, मुंबई, हैदराबादच्या डायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या सहली निघतात, त्यात सामील व्हा, दोन सहलींत ओळखीचे लोक तयार होतात. किंवा जिथे जाल तिथे थोडे जास्त पैसे देऊन फक्त तुमच्यासाठी एक डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखालचा प्रशिक्षित वाटाड्या, मागा. त्याची हवा तुमच्याआधी संपत नाही, आणि त्याच्याकडून फुकट शिकायला मिळतं ते वेगळंच.

आता दुसरी अडचण. बडी नेमकं काय करतो ते आधी बघू. तो तुमची जादा हवा असतो, तुमची संपली की त्याच्याकडून घेता. तो तुमच्या पाठीमागचे डोळे आणि हात असतो. टाकीच्या व्हॉल्व्हमधून बुडबुडे निघताहेत, मागे दोरी अडकली आहे, हे तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतं. तो तुमचं डोकंही असतो, कारण तुम्ही माशामागे लागलात की गेज (टाकीत किती हवा उरली ते सांगणारा काटा) दाखवून तो भानावर आणतो. आणि तुमची शुद्ध हरपली तर तो तुम्हाला वर नेतो.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना पर्याय आहे, काही सामानात, काही सरावात. चौथीला नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा नळ, धरून ठेवील असं कुठलंही यंत्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. म्हणून ज्याला फेफरं आलेलं आहे, हृदयाचा त्रास आहे, दमा आटोक्यात नाही, किंवा इन्सुलिनवर असताना साखर अचानक उतरते, त्याला मी सोलोचं नावही काढू देत नाही. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर डायव्हिंग करणाऱ्यांत हृदयविकार हे मृत्यूचं एक मोठं कारण आहे. तुम्ही चौतिशीचे आहात, पण शंभर डाइव्ह होईतो चाळिशीला टेकाल. तेव्हा एकदा ट्रेडमिल टेस्ट करून घ्या, बीपी लिहून ठेवायची सवय लावा.

शंभर हा आकडा मी मनाने काढलेला नाही. एकट्याने डायव्हिंग करायचा औपचारिक कोर्स देणाऱ्या दोन संस्था सगळ्यात जास्त ऐकू येतात. एसडीआयचा ‘सोलो डायव्हर’ आणि पॅडीचा ‘सेल्फ-रिलायंट डायव्हर’. दोन्हींना ॲडव्हान्स्ड पातळीचं सर्टिफिकेट आणि लॉगबुकात नोंदलेले १०० डाइव्ह लागतात. एसडीआय वय २१ मागते, पॅडी १८. कोर्स लहानच असतो, दोन-तीन डाइव्हचा. हवेचा हिशेब, जादा टाकीवर जाणं, मास्क गेल्यावर दुसरा लावणं, कंपासवर जाऊन परत येणं, पाण्याखालून फुगा वर सोडणं हे सगळं कुणाच्या मदतीशिवाय करून दाखवायचं. तीन डाइव्हमध्ये हे कुणी शिकत नाही. ते आधीच येत असल्याची तिथे परीक्षा होते, एवढंच.

शंभर का, तर माझ्या शिकवण्यातला अनुभव सांगते. पहिल्या पंचवीस-तीस डाइव्हपर्यंत माणसाचं सगळं लक्ष तरंगण्यात जातं. वर चाललोय का, खाली बसतोय का, कान दुखतोय का. पन्नासच्या पुढे हळूहळू मान वर होते, आजूबाजूचं दिसायला लागतं. साठ-सत्तरच्या दरम्यान बहुतेकांचं काहीतरी एकदा बिनसतं. मास्कचा पट्टा तुटतो, रेग्युलेटर हवा सोडत राहतो, प्रवाह ओढून नेतो. ते बडीच्या सोबतीने बिनसलेलं बरं. पण आकड्याच्याही मागे लागू नका. सगळे शंभर डाइव्ह एकाच शांत खाडीत, पुढे गाइड आणि मागे तुम्ही असे झाले असतील, तर ते एकच डाइव्ह शंभर वेळा केल्यासारखं आहे. मला विचाराल तर मधे रेस्क्यू डायव्हर कोर्स कराच. नियमात तो लागत नाही, पण दुसऱ्याचा घाबरलेला चेहरा एकदा जवळून पाहिला की स्वतःची घाबरगुंडी कुठून सुरू होते ते कळतं.

लातुरातून हे कसं जमवायचं? तारकर्ली-मालवण तुम्हाला सगळ्यात जवळ. एमटीडीसीची स्कुबा शिकवणारी संस्था तारकर्लीलाच आहे, तिथे सरावासाठी खोल तलावही आहे. मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणतात, ते लॉगबुकात मोजू नका. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट होतं, तिथे पाणी बरंच स्वच्छ असतं. आणि अंदमान. तिथे दिवसाला दोन-तीन प्रमाणे आठ दिवसांत वीस डाइव्ह सहज होतात. वर्षातून एकदा अंदमान आणि एकदा कोकण किंवा नेत्राणी असं धरलं, तरी चार वर्षं लागतात. त्यातून कोकणचा आणि नेत्राणीचा हंगाम पावसाळ्यात बंद. याहून जवळची वाट मला तरी सापडली नाही.

आणखी एक. हातात सोलोचं कार्ड आलं तरी बोटवाला एकट्याने सोडेलच असं नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर अनोळखी माणसाला मीही सोडलं नसतं. विम्याचंही बघा. काही पॉलिसींत एकट्याने केलेलं डायव्हिंग वगळलेलं असतं, ते बारीक अक्षरात असतं.

मग या सगळ्याचा उपयोग काय? माझे एकटीचे तीनशे डाइव्ह सोडा. उरलेल्या सगळ्या डाइव्हमध्येही, बरोबर कुणी असो नसो, मी एकटीच आहे असं धरून सामान लावते आणि हवेचा हिशेब करते. बडी असला तर सोबत होते, त्याच्यावर माझा जीव टांगलेला नसतो. तुम्ही आत्तापासून, बाराव्या डाइव्हपासून, एवढंच सुरू करा. बोटीवर परक्याशी जोडी लागली तरी तुमची चिडचिड निम्म्याने कमी होईल.

आता हवेचा हिशेब. इथे थोडा वेळ देते, कारण अकरा डाइव्हवाल्या कुणालाही तो येत नाही आणि सगळं सामान त्यावरच ठरतं.

नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची असते. म्हणजे २०० बारला (बार हे दाबाचं माप) तिच्यात २,२०० लिटरांच्या आसपास हवा. पुढच्या डाइव्हला दहा मीटरवर दहा मिनिटं एकाच खोलीवर संथ पोहा आणि किती बार गेले ते लिहा. समजा ३६ गेले. ३६ गुणिले ११.१ म्हणजे जवळजवळ ४०० लिटर, मिनिटाला ४०. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून भागिले दोन. तुमचा आकडा आला २० लिटर मिनिटाला, पृष्ठभागावरचा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा, आणि त्याच माणसाचाही थंडीत, प्रवाहात, झोप कमी झाली तर वेगळा. पाच-सहा डाइव्हना मोजा आणि त्यातला वाईटातला वाईट धरा.

काही बिघडलं की श्वास दुप्पट होतो. चाळीस धरा. आता समजा अठरा मीटरवर मुख्य रेग्युलेटर बंद पडला. तिथे दाब पृष्ठभागाच्या २.८ पट. एक मिनिट सावरण्यात गेलं: ४० गुणिले २.८, म्हणजे ११२ लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने पाच मीटरपर्यंत चढायला दीड मिनिट, सरासरी दाब सव्वादोनच्या जरा खाली, साधारण सव्वाशे लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना सावधगिरीचा थांबा, १८०. शेवटचे पाच मीटर, २८. बेरीज साडेचारशेच्या आत. तीन लिटरची पोनी, म्हणजे संकटासाठीची वेगळी छोटी बाटली, २०० बारला ६०० लिटर देते. पुरली.

तोच हिशेब तीस मीटरवर करा. खाली एक मिनिट १६०, चढायला तीनशेच्या वर, मग स्टॉप आणि शेवटचा टप्पा, मिळून पावणेसातशेच्या जवळ. तीच पोनी आता पुरत नाही. सेफ्टी स्टॉप सोडला तर पुरेल, पण ज्या दिवशी सगळं बिनसलंय त्याच दिवशी तो सोडायचा बेत आधीपासून करून ठेवणं मला पटत नाही. हातात मावते अशी चिमुकली बाटलीही विकायला असते, ८५ लिटरांची. अठरा मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती पाऊण मिनिट टिकते. ती घेऊ नका. किती मोठी पोनी घ्यायची हे दुकानदाराला विचारायचं नसतं. तुमचा श्वास आणि तुमची खोली यांवरून ते कागदावर येतं.

पोनी म्हणजे वेगळी छोटी टाकी, तिचा वेगळा रेग्युलेटर, वेगळं गेज. मुख्य टाकीला जोडलेला दुसरा पिवळा रेग्युलेटर म्हणजे जादा हवा नव्हे, तो त्याच टाकीचा दुसरा नळ. ही गल्लत मी बऱ्याच जुन्या डायव्हरांत पाहिली आहे. काही जण दोन मोठ्या टाक्या दोन बगलांना लावतात, ती साइडमाउंटची पद्धत फार चांगली आहे, पण तिचं शिक्षण वेगळं. पोनी पाठीवर मुख्य टाकीला बांधतात किंवा पुढे डाव्या कुशीला टांगतात. मी कुशीला टांगते. तिथे गेज दिसतं, व्हॉल्व्ह हाताला येतो, आणि गरज पडली तर सोडून दुसऱ्याला देता येते. ती उघडी ठेवायची की बंद, यावर वाद आहे. बंद ठेवली तर नकळत गळत नाही, पण ऐन वेळी उघडायची राहते. मी उघडी ठेवते आणि दर पाच मिनिटांनी तिचं गेज बघते. ज्याला बघायची आठवण राहत नाही त्याने काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: सोलो करू नये.

पोनी घेतली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बोटीवरून उडी मारली, खाली गेले, बारा मीटरवर मुख्य गेज बघितलं तर काटा २०० वरून हललेलाच नाही. क्षणभर वाटलं आज श्वास किती सुंदर चाललाय! मग कळलं, तोंडात पोनीचा रेग्युलेटर आहे आणि संकटकाळची निम्मी हवा मी मासे बघत संपवली आहे. कुणी बरोबर असतं तर उडीआधीच बोट दाखवून हसलं असतं. तेव्हापासून पोनीच्या रेग्युलेटरला वेगळ्या आकाराचं माउथपीस आहे, आणि एकटी असले की उडीआधी सगळी तपासणी मी मोठ्याने बोलून करते. बोटीवरच्या पोरांना वाटतं मॅडम मंत्र म्हणतात.

दुसरी गोष्ट सुरीची. पोटरीला बांधलेली मोठी सुरी फोटोत छान दिसते. सोळा मीटरवर नायलॉनच्या जाळ्याचा एक तुकडा माझ्या टाकीच्या मानेत अडकला, आणि वळून बघायला गेले तसा पायातल्या फिनलाही गुंडाळला. पाय वर घेता येईना, म्हणजे पोटरीची सुरी असून नसल्यासारखी. छातीच्या पट्ट्याला बोटाएवढा लाइन-कटर होता, त्याने सुटले. आधी काहीही न करता चार श्वास थांबले, म्हणून तो आठवला. त्या सहा मिनिटांत साठ बार गेले. श्वास दुप्पट धरा असं वर म्हटलं तेव्हा हेच मनात होतं, आणि खरं तर तेव्हा तो दुपटीहून थोडा जास्तच झाला होता. तर कापायची साधनं दोन, आणि दोन्ही हातांना मिळतील अशी, कमरेच्या वर.

बाकीचं सामान भरभर सांगते. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि अजून किती वेळ खाली राहता येईल ते दाखवणारं यंत्र) दोन, किंवा एक कॉम्प्युटर आणि एक खोली-वेळ दाखवणारं साधं यंत्र. जादा मास्क खिशात. कंपास. दिवसाही एक टॉर्च. शिट्टी, लहान आरसा. आणि एसएमबी, म्हणजे पाण्याखालून वर सोडायचा तो नारिंगी फुगा, दोरीच्या रिळासकट. बोटवाल्याला तुम्ही कुठे आहात ते याच्यावरून कळतं.

वरच्या माणसाचं विसरू नका. आमच्याकडे विहिरीत गाळ काढायला कुणी उतरलं की आजोबा एकाला कासरा धरून काठावर बसवायचे आणि तो जागचा हलला तर त्याचीच पूजा बांधायचे. सोलो डायव्हरलाही हा काठावरचा माणूस लागतो. मी कुठे उतरले, किती वाजता वर येणार, किती वाजेपर्यंत आले नाही तर कुणाला फोन करायचा, आणि सगळ्यात जवळचं रीकम्प्रेशन चेंबर (डायव्हिंगच्या आजारावर उपचार करायची दाबाची खोली) कुठे आहे, हे लिहिलेला कागद त्याच्याकडे असतो. चेंबर चालू आहे ना, हेही आधी फोन करून विचारलेलं असतं.

माझ्या स्वतःच्या मर्यादा विचाराल, तर एकटी असताना वीस मीटरच्या खाली नाही, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजाच्या आत नाही, डीकम्प्रेशन स्टॉप (अंगात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून वर येताना घ्यावाच लागणारा थांबा) लागेल इतका वेळ नाही, रात्री नाही, आणि आधी कुणाबरोबर तरी न पाहिलेल्या जागी नाही. नवीन सामान आणि नवीन जागा एकाच दिवशी कधीच नाही. अनुभवी लोक याहून पुढे जातात, ते त्यांनी बघावं.

आता विहीर. पोहायला विहिरीसारखी शाळा नाही, मी तिथेच शिकले. पण स्कुबासाठी तिचा विचार करा. तळाला गाळ, फिनचा एक फटकारा बसला की स्वतःचा हात दिसत नाही. मोटारीची केबल, पाइप, फुटव्हॉल्व्ह, जुने दोर, सोडून दिलेलं लोखंड. केबलची इन्सुलेशन कुठे सोललेली आहे हे पाण्यात कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. खोल विहिरीत पाण्याच्या वरची हवाही धोक्याची असते. वाऱ्याची ये-जा नसते, खाली जड वायू साचतो, विहीर साफ करायला उतरलेली माणसं आपल्याकडे त्यानेच दगावतात. तुम्ही वर येऊन, आता सुटलो म्हणून रेग्युलेटर तोंडातून काढता आणि पहिल्याच दोन श्वासांत चक्कर. त्यात एकटे.

धरणाचं तर वेगळंच. नाथसागर घ्या किंवा मांजरा. आधी जलसंपदा विभागाची परवानगी, आणि नाथसागर पक्षी अभयारण्य असल्याने वनखात्याचीही. मासेमारीची जाळी कुठे लावलीत ते पाण्याखाली दिसत नाही. बुडालेली झाडं, जुन्या विहिरी, घरांची जोती. सगळ्यात वाईट म्हणजे दरवाजे आणि कालव्याचं तोंड. एका बाजूला खोल पाणी आणि दुसऱ्या बाजूला मोकळं असलं की त्या तोंडाशी जी ओढ असते, तिच्यातून धडधाकट माणूस हाताने सुटू शकत नाही, आणि जवळ जाईपर्यंत ती जाणवतही नाही. शिवाय आपण पठारावर आहोत. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर डायव्हिंग करायचं तर उंचीसाठीचे वेगळे नियम लागतात, आणि नाथसागर पूर्ण भरला की त्याची पातळी ४६० मीटरच्या वर असते. गोड्या पाण्यात बुडण्यासाठी कमरेला बांधायचं वजनही कमी लागतं. सामानासकट शंभर किलो भरत असाल तर समुद्रापेक्षा अडीच किलो कमी. पोलिसांसाठी, बचाव पथकांसाठी जे लोक अशा पाण्यात उतरतात ते दोरीवर उतरतात, टोळीने उतरतात. एकटा कुणी नाही.

हवा भरण्याबद्दलही, कारण लोक हे विचारतातच. टायरवाल्याच्या कंप्रेसरने टाकी भरत नाही, तो दहा बारपर्यंतचा, आणि त्याच्या हवेत तेल. वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजनची तर अजिबात कल्पना करू नका. आपल्या टाकीत साधी हवा असते, ऑक्सिजन २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरून झटके आणू शकतो. एखाद्या विहिरीच्या खोलीवर.

मग लातुरात काय करता येईल? पुष्कळ. एसएमबीचं रीळ घेऊन गच्चीवरून दोरी सोडायचा आणि न गुंतवता गुंडाळायचा सराव करा, आधी डोळे उघडे, मग बंद, मग हातमोजे घालून. खाटेवर बसून सगळं सामान चढवा आणि डोळे मिटून एकेक वस्तू शोधा: कटर, जादा मास्क, पोनीचा व्हॉल्व्ह. ज्वारी काढलेल्या रानात कंपास घेऊन जा, डोक्यावरून टॉवेल घ्या म्हणजे फक्त कंपास दिसेल, शंभर पावलं जा, १८० अंश वळा, शंभर पावलं परत या. पहिल्या दिवशी बांधाच्या भलत्याच टोकाला निघाल. गडी माणसं हसतील, हसू द्या. पोहण्याच्या तलावात दमसांस वाढवा, चारशे मीटर न थांबता पोहा. पण श्वास रोखून पाण्याखाली राहण्याचा सराव एकट्याने कधीच नाही, त्यात काही कळायच्या आत शुद्ध जाते. आणि तलावात टाकी घेऊन जायचं तर इन्स्ट्रक्टर बरोबर हवा. टाकीतला श्वास रोखून वर आलं तर दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होते, हे तुम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं आहे.

तारकर्लीहून परत यायचं म्हणजे तुम्हाला घाट चढावा लागतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? आंबोली साडेसहाशे मीटरच्या वर आहे, आणि लातूरही सहाशेच्या आसपास. उंचीवर हवेचा दाब कमी, तिथे अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून डाइव्हनंतर विमानात बसायचे नियम आहेत, एका डाइव्हनंतर १२ तास, एका दिवसात अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस सलग केले तर १८ तास, ते ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठीच आहेत. म्हणजे आंबोलीलाही ते लागू. दुपारी तिसरा डाइव्ह करून रात्रीच्या गाडीने लातूर गाठायचं, असं तुम्ही केलं असेल तर पुन्हा करू नका. शेवटचा दिवस किनाऱ्यावर मासे खाऊन घालवा, दुसऱ्या दिवशी निघा.

दिवाळीत काय घ्यायचं म्हणता, तर आपल्या चेहऱ्याला बसणारा मास्क, एक एसएमबी रिळासकट, एक लाइन-कटर. पैसे उरले तर कॉम्प्युटर. रेग्युलेटर पन्नास डाइव्हनंतर. पोनी तूर्त नको, तिचे पैसे अंदमानच्या तिकिटाला ठेवा. पुढच्या डाइव्हला दहा मीटरवरचा तो दहा मिनिटांचा हिशेब करून आकडा लिहून ठेवा, आणि सोबत झोप किती झाली होती तेही.